गणित-विज्ञान जोडून शिकवणारे उपक्रम : तुमच्या मुलाच्या शाळेत काय यायला हवे आणि ते कसे मागायचे

तुमचा मुलगा किंवा मुलगी आठवी, नववी, दहावीत सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल, तर गेल्या काही वर्षांत काही नवे शब्द तुमच्या कानावर आले असतील. अटल लॅब, इन्स्पायर, आविष्कार अभियान, दप्तराविना शाळा. शिक्षकांच्या तोंडी आणि परिपत्रकांत आणखी एक अवघड शब्द येतो, ‘आंतरविद्याशाखीय उपक्रम’. त्याचा साधा अर्थ असा, की गणित, विज्ञान, भूगोल हे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता एखादा खरा प्रश्न हातात घ्यायचा आणि तो सोडवताना सगळे विषय वापरायचे.

हे ऐकायला चांगले वाटते. पण रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा शेतीवर पोट असणाऱ्या घराला यातून नेमके काय मिळते? खर्च कोण करतो? मुलाचे मार्क वाढतात की वेळ वाया जातो? आणि शाळेत प्रयोगशाळा असूनही तिला कुलूप असेल, तर पालक म्हणून तुम्ही काय करू शकता? या लेखात याच प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.

थोडक्यात मुद्दे

• नववीच्या मुलांची गणित-विज्ञानातली स्थिती कच्ची आहे, हे सरकारच्याच सर्वेक्षणात दिसले आहे.
• उपक्रमांसाठी केंद्राच्या अनेक योजना आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा अर्ज पालक करत नाहीत, शाळा करते.
• म्हणून शाळेला वेळेवर विचारणे हेच पालकांचे मुख्य काम आहे.
• सरकारी शाळेतल्या उपक्रमाच्या साहित्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. तो खर्च तुमच्यावर येण्याचे कारण नाही.

विषय जोडायचे म्हणजे काय करायचे?

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या घरावर पत्र्याचे छप्पर आहे, २० फूट लांब आणि १५ फूट रुंद. शिक्षक मुलांना विचारतात, या छपरावर पावसाळ्यात किती पाणी पडते?

क्षेत्रफळ झाले ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर २८ गुणिले ६००, म्हणजे १६,८०० लिटर. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला असे धरले, तरी सुमारे १३,४०० लिटर उरते.

आता हा आकडा घराशी जोडायचा. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर लागतात. म्हणजे छपरावरचे पाणी साठवता आले, तर ते सुमारे ४९ दिवस पुरेल. १५ लिटरचा हंडा धरला तर जवळजवळ ९०० हंडे होतात. ज्या घरातली मुलगी शाळेआधी पाणी भरते, तिला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इथपर्यंत गणित झाले. पुढे विज्ञान येते. पहिल्या पावसाचे पाणी का सोडून द्यायचे? पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा पाण्यात गेली तर काय होते? टाकी उघडी राहिली तर डास आणि डेंग्यू यांचा काय संबंध? मग भूगोल. शेजारच्या तालुक्यात पाऊस कमी का पडतो? शेवटी नागरिकशास्त्र. गावातल्या नळयोजनेचा हिशेब ग्रामसभेत कसा विचारायचा?

या सगळ्याला लागते काय? मोजपट्टी, वही आणि पाऊस मोजायला वरचा भाग कापलेली सरळ कडांची एक बाटली. महागडे यंत्र एकही नाही. पाण्याची गुणवत्ता तपासण्याचा संच तर गावात आधीच असू शकतो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना असा संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. त्यांतल्या एखाद्या ताईंना शाळेत बोलावले, तर मुलांना रसायनशास्त्राचा धडा गावातूनच मिळतो.

असाच दुसरा हिशेब विजेचा. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळाला, तर महिन्याला ९ युनिट होतात. ९ वॅटच्या एलईडीला त्याच वापरात दीड युनिटही लागत नाही. मुलाने घरचे वीजबिल शाळेत नेले, तर गुणाकार, टक्केवारी आणि विद्युतशक्तीचा धडा एकाच कागदावर होतो. शेतकरी कुटुंबाकडे मृदा आरोग्य पत्रिका असते. तिच्यात मातीच्या १२ घटकांची नोंद असते. ती समजून घ्यायला रसायनशास्त्रही लागते आणि प्रमाणाचे गणितही.

हा विषय आत्ता का महत्त्वाचा?

४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरात ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झाले. तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची त्यात चाचणी घेतली गेली. तिसरीत गणिताचे सरासरी गुण ६० टक्के होते. सहावीत ते ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के निघाले. नववीच्या विज्ञानात सरासरी ४० टक्के होती.

तिन्ही इयत्तांतली मुले वेगळी आहेत, त्यामुळे ‘तीच मुले मागे पडली’ असे यावरून म्हणता येत नाही. पण वरच्या वर्गात गणित मुलांच्या हातून निसटते, एवढे नक्की दिसते. आणि नववी हे नाजूक वर्ष आहे. शिक्षण हक्क कायद्याचे मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे संरक्षण सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्यानंतर अभ्यास झेपत नाही म्हणून मूल शाळा सोडू लागले, तर त्याला थांबवणारी व्यवस्था विरळ होते. गणितात नापास होण्याच्या भीतीने शाळा सुटलेल्या मुलामुलींची उदाहरणे तुमच्याही वस्तीत असतील.

धोरणाच्या पातळीवर याची दखल घेतली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये करून शिकण्यावर भर आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकणे सुचवले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीसाठी ‘आंतरविद्याशाखीय क्षेत्र’ हा स्वतंत्र विषयच धरला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची आणि सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली.

म्हणजे पैसा आणि धोरण दोन्ही या दिशेने वळले आहेत. तुमच्या शाळेपर्यंत ते पोहोचते का, हा प्रश्न उरतो.

कोणत्या योजना आहेत आणि त्यांतून काय मिळते?

राष्ट्रीय आविष्कार अभियान. ९ जुलै २०१५ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते हे सुरू झाले. ६ ते १८ वयाच्या मुलांना विज्ञान, गणित आणि तंत्रज्ञान निरीक्षणातून व प्रयोगातून शिकता यावे, हा त्याचा हेतू. आता ते समग्र शिक्षा योजनेचा भाग आहे. विज्ञान मेळावे, सहली, प्रश्नमंजूषा, गणित-विज्ञानाचे संच, जवळच्या महाविद्यालयांशी जोडणी अशी कामे त्यातून होतात. यासाठी पालकांनी कुठलाही अर्ज करायचा नसतो.

अटल टिंकरिंग लॅब. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ही कार्यशाळा असते. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे संच आणि साधी हत्यारे तिथे असतात. शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि बाकीचे जास्तीत जास्त पाच वर्षे चालवण्यासाठी असतात. आजवर देशात सुमारे १०,००० लॅब झाल्या आहेत. मिशनला मार्च २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळाली असून त्यासाठी २,७५० कोटी रुपये मंजूर झाले आहेत.

इन्स्पायर पुरस्कार – मानक. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना आहे. सहावीपासून पुढच्या मुलांनी रोजच्या अडचणीवर सुचवलेल्या कल्पना शाळा ऑनलाइन पाठवते. एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात मॉडेल बनवण्यासाठी १०,००० रुपये थेट जमा होतात. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शन असते. नाव पाठवायला पैसे लागत नाहीत.

विज्ञान ज्योती. नववी ते बारावीच्या मुलींना विज्ञान व अभियांत्रिकीकडे वळवण्यासाठीचा हा कार्यक्रम जवाहर नवोदय विद्यालयांच्या मदतीने चालतो. तुमच्या जिल्ह्यात तो आहे का, हे नवोदय विद्यालयात विचारता येते.

समग्र शिक्षेचे संयुक्त शाळा अनुदान. सरकारी शाळेला पटसंख्येनुसार दरवर्षी हे अनुदान मिळते. १०१ ते २५० पट असलेल्या शाळेला ५०,००० रुपये, २५१ ते १,००० पटाला ७५,००० आणि १,००० च्या वर पटाला एक लाख रुपये असे दर आहेत. प्रयोगशाळेचे साहित्य, शैक्षणिक साधने, वीजबिल, इंटरनेट, पाणी असे खर्च यातून करता येतात. उपक्रमांचा खर्च मुलांच्या खिशातून का होऊ नये, याचे उत्तर याच अनुदानात आहे.

एनएमएमएस शिष्यवृत्ती. ही उपक्रमाची योजना नाही, पण या विषयाशी तिचे जवळचे नाते आहे. आठवीत परीक्षा होते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये खात्यात येतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत असावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत आहे. या परीक्षेत बौद्धिक क्षमतेचा एक पेपर आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्राचा एक पेपर असतो. समजून शिकलेल्या मुलाला त्यात फायदा होतो, हे उघड आहे. त्यामुळे सातवी-आठवीतले गणित-विज्ञान म्हणजे घरासाठी चार वर्षांत ४८,००० रुपयांचा प्रश्नही आहे.

मग अडते कुठे?

योजना असूनही अनेक शाळांत प्रयोगशाळा वर्षातून दोन-तीनदाच उघडते. यामागची कारणे समजून घेतली, तर शाळेशी बोलताना उपयोग होतो.

पहिले कारण, वस्तू मोडण्याची भीती. साहित्य डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेले असते. फुटले, हरवले तर तपासणीत जबाब द्यावा लागतो. त्यापेक्षा कपाट बंद ठेवणे शिक्षकाला सोपे वाटते. यात शिक्षकाचा आळस असतोच असे नाही. मुले हाताळणार म्हटले की काही वस्तू फुटणारच, आणि त्या रीतसर बाद करण्याची प्रक्रियाही असते. शाळा समितीने ‘वापरताना मोडले तर आम्ही तुमच्या बाजूने आहोत’ असा ठराव केला, तर हा प्रश्न बराच हलका होतो.

दुसरे कारण, वेळापत्रक. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात साहित्य काढायचे, प्रयोग करायचा, आवरायचे हे जमत नाही. महिन्यातून दोनदा गणित आणि विज्ञानाचे तास पाठोपाठ ठेवले, तर ऐंशी मिनिटे मिळतात. यासाठी एक रुपयाही लागत नाही, मुख्याध्यापकांचा निर्णय लागतो. लहान शाळेत गणित आणि विज्ञान एकच शिक्षक शिकवत असतील, तर हे आणखी सोपे आहे. तिथे दोन विषय जोडायला दोन शिक्षकांचा मेळ घालावा लागत नाही.

तिसरे कारण, शिक्षकांची कमतरता आणि इतर कामे. रिक्त पदे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षकांचा वेळ जातो. याचा उपाय पालकांच्या हातात पूर्णपणे नाही. पण विज्ञान किंवा गणिताचे पद रिकामे असेल, तर समितीचा लेखी ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो.

चौथे कारण, लॅबलाच उपक्रम समजणे. थ्रीडी प्रिंटर असलेली खोली पाहुण्यांना दाखवण्यासाठी ठेवली आणि तिथे निवडक आठ-दहा हुशार मुलेच जाऊ लागली, तर बाकीच्या मुलांसाठी ती नसल्यासारखीच. ५०,००० नव्या लॅब येणार असतील, तर किती खोल्या बांधल्या याच्याबरोबर ‘दर आठवड्याला किती मुलांनी हात लावला’ हेही विचारले गेले पाहिजे. मुलींना, मागे बसणाऱ्यांना, दिव्यांग मुलांना त्यात जागा मिळते का, हे तुम्ही विचारले नाही तर बहुधा कोणी विचारणार नाही.

हे आपल्याकडे आधी करून पाहिले आहे

हा प्रयोग परदेशातून आलेला नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुले स्वस्त साहित्यावर स्वतः प्रयोग करत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे. पुढे तो शेकडो शाळांत गेला आणि २००२ मध्ये बंद झाला. चांगला कार्यक्रमही सरकारी निर्णयाने थांबू शकतो, हे त्यातून दिसते. म्हणून पालकांनी त्याचा आग्रह धरत राहणे महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. त्यात वेल्डिंग-बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग असतात. राज्य मंडळाने या विषयाला मान्यता दिली आहे. लोखंडी स्टूल बनवताना कोन आणि मापे येतात, शेळीचे वजन मोजताना आलेख येतो, रक्तगट तपासताना जीवशास्त्र येते. अशी शाळा तुमच्या भागात असेल, तर प्रवेशाच्या वेळी जरूर चौकशी करा.

मार्कांचे काय?

पालकांची ही काळजी रास्त आहे. दहावीचा निकाल घराचे भवितव्य ठरवतो, आणि ‘खेळ करण्यात’ वेळ गेला तर काय, असे वाटणे साहजिक आहे.

पण परीक्षाही बदलत आहे. सीबीएसईने नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिकेत निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना दिले आहेत. म्हणजे व्याख्या पाठ असण्यापेक्षा दिलेल्या प्रसंगात ती वापरता येणे महत्त्वाचे. महाराष्ट्र राज्य मंडळात दहावीच्या विज्ञानाला ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे, तर गणिताला २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. वर सांगितलेला पावसाच्या पाण्याचा उपक्रम तर राज्य मंडळाच्या ‘जलसुरक्षा’ या श्रेणी विषयातही नोंदवता येतो. एकच काम, पण गणित, विज्ञान आणि जलसुरक्षा तिन्हीकडे उपयोगी. त्यासाठी शिक्षकांनी ते आधी ठरवून वहीत नोंदवून घ्यायला हवे.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. उपक्रम केले म्हणजे सराव नको, असे नाही. पाढे, सूत्रे, उदाहरणे सोडवण्याचा सराव लागतोच. उपक्रमाने मुलाला सूत्र कशासाठी आहे ते कळते, आणि सरावाने ते हातात बसते. शाळा फक्त एकच करत असेल, तर दुसऱ्याबद्दल विचारा.

पैसे मागितले तर?

उपक्रमाच्या नावाखाली पालकांना खर्चात पाडण्याचे प्रकार होतात. स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखीचे किंवा सूर्यमालेचे तयार मॉडेल मिळते. ते विकत आणून मूल शाळेत ठेवते. यातून मूल काहीच शिकत नाही आणि घरचे शे-दोनशे रुपये जातात. शिक्षकांना नम्रपणे सांगा, ‘आमच्याकडे विकत आणायला पैसे नाहीत, घरातल्या वस्तूंपासून काय करता येईल ते सुचवा.’ चांगल्या शिक्षकांना हे ऐकून आनंदच होईल.

इन्स्पायरसाठी ‘तुमच्या मुलाची निवड करून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. निवड कल्पनेवर होते आणि रक्कम थेट खात्यात येते. बँक खाते चालू आहे का, खात्यावरचे आणि शाळेतले नाव सारखे आहे का, हे मात्र आधीच तपासा. ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगू नका.

पालक म्हणून तुम्ही काय कराल?

१. जूनमध्येच विचारा. इन्स्पायरची नावनोंदणी साधारणपणे शाळा सुरू झाल्यावर चालू होते आणि सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास संपते. त्या वर्षाची नेमकी तारीख वर्गशिक्षकांकडून घ्या. शाळेने गेल्या वर्षी किती कल्पना पाठवल्या, हेही विचारा. पाचपैकी एकही पाठवली नसेल, तर मुलांच्या संधी वाया गेल्या.

२. समितीत बोला. प्राथमिक टप्प्याच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांसाठी असतात. माध्यमिक शाळेत शाळा व्यवस्थापन व विकास समिती असते. तिथे तीन प्रश्न मांडा. प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते? संयुक्त अनुदानातून साहित्यावर किती खर्च झाला? पाठोपाठचे दोन तास वेळापत्रकात घेता येतील का?

३. लेखी घ्या. तोंडी उत्तर मिळाले तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. सरकारी शाळेच्या अनुदानाची माहिती मिळत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. बहुतेक ठिकाणी शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. पण हा शेवटचा मार्ग ठेवा. आधी शिक्षकांशी बोलून पाहा.

४. तुमचे ज्ञान शाळेला द्या. गवंडी असाल तर ओळंबा आणि गुण्या कसा लावतात, शिवणकाम करत असाल तर कापडाचा हिशेब, शेती करत असाल तर खताचे प्रमाण. हे सगळे भूमिती आणि प्रमाणाचेच धडे आहेत. ‘आम्ही शिकलेलो नाही’ म्हणून मागे राहू नका.

५. मोफत साधने वापरा. दीक्षा ॲपवर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव मिळतो. घरात इंटरनेट नसेल, तर डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या महिन्याच्या शुल्काशिवाय दिसतात.

६. सुरक्षिततेची चौकशी करा. आम्ल, गॅस, वीज यांचे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावेत. प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक आहे का, हे विचारणे तुमचा हक्क आहे. वेल्डिंग किंवा विजेचे काम मुलांना घरी एकट्याने करायला देऊ नका.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर

बेळगाव-निपाणीत, सुरत-बडोद्यात किंवा कामासाठी आणखी कुठल्या राज्यात तुमचे मूल शिकत असेल, तरी वर सांगितलेल्या केंद्राच्या योजना तिथेही लागू आहेत. परीक्षा मंडळ, गुणांची विभागणी, समितीचे नाव आणि एनएमएमएस परीक्षेची तारीख राज्यागणिक बदलते. स्थलांतर करताना शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि मुलाचे बँक पासबुक जवळ ठेवा. शिष्यवृत्ती चालू असेल, तर शाळा बदलण्याआधी मुख्याध्यापकांना सांगा, नाहीतर नूतनीकरण अडते. नवी शाळाही सरकारी किंवा अनुदानितच असावी, याचीही काळजी घ्या.

शेवटी एवढेच

तुमच्या मुलाला सगळे उपक्रम मिळतील की नाही, हे एका दिवसात ठरणार नाही. पण या आठवड्यात एक गोष्ट करता येईल. मूल शाळेतून आले की विचारा, ‘या महिन्यात प्रयोगशाळेत गेलास का? तिथे तू स्वतः काय केलेस?’ उत्तर ‘सरांनी दाखवले’ असे आले, तर पुढचा प्रश्न शाळेत जाऊन विचारायचा आहे. एकट्याने जाऊ नका, शेजारच्या दोन-तीन पालकांना बरोबर घ्या. आणि जाण्याआधी मुलाला बरोबर घेऊन घराच्या छपराचे माप काढा. तो कागद शिक्षकांच्या हातात दिला, तर बोलणे तक्रारीपासून सुरू होणार नाही.